मणका सरकेल या भीतीपोटी

वेंगुर्ल्याजवळ काजू सोलण्याचे काम करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या कमरेला पट्टा होता आणि हातात एमआरआयचा अहवाल. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मणक्यांमधली गादी फुगली आहे, असे कोणीतरी त्यातून वाचून दाखवल्यापासून चार महिने त्यांनी वाकणे जवळजवळ सोडले होते. कंबरेला हलका ताण देऊन पाहू, असे मी म्हणताच त्यांनी विचारले, “ताण दिलंय आणि मणको सरकलो तर?”

कंबर दुखणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच भीती असते आणि ती हसण्यावारी नेणे मला कधीच पटलेले नाही. मी आधी त्यांच्या पायांतील ताकद आणि संवेदना तपासली. लघवी-शौचावरचा ताबा, जांघेतील बधिरपणा, ताप, घटलेले वजन, अलीकडचे पडणे यांविषयी विचारले. यांपैकी काहीही आढळले असते, तर व्यायाम बाजूला ठेवून त्यांना तातडीने डॉक्टरांकडे पाठवले असते.

मग अहवालाकडे वळलो. गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या लोकांपैकीही सुमारे ६० टक्के जणांच्या चित्रात फुगलेली गादी दिसते. हे ऐकून मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. पट्ट्याबद्दलही मी स्पष्ट सांगितले, कारण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली आणि नेहमीच्या उपचारात पट्टे न वापरण्याचा सल्ला दिला.

सुरुवात मी कंबरेपासून न करता खुब्यापासून केली. दिवसभर बसून काम करताना खुबा दुमडलेलाच राहतो. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस हा स्नायू त्यामुळे आखडल्यासारखा वाटतो आणि उठताना कंबर धरते. खाटेवर उताणे झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्यायचा, दुसरा पाय सरळ ठेवायचा आणि २० ते ३० सेकंद थांबायचे. नंतर एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून त्या दुसऱ्या पायाची मांडी जवळ ओढायची, म्हणजे ढुंगणाच्या स्नायूंना ताण बसतो. प्रत्येक बाजूने दोन-तीन वेळा, झटका न देता. मावशी श्वास रोखून धरत होत्या, म्हणून मी त्यांना मोठ्याने अंक मोजायला लावले. मोजताना श्वास आपोआप चालू राहतो. ओढल्यासारखे वाटले तर चालेल, पण कळ गुडघ्याखाली उतरली किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबायचे, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. दर तासाला उठून चार पावले चालण्याचेही ठरले.

पहिल्या आठवड्यात दुखणे कमी झाले नाही, हेही सांगायला हवे. तिसऱ्या आठवड्यात पट्टा घरी राहिला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या आडाळ्यावर बसल्या आणि पाच नारळ खवून उठल्या. काही संध्याकाळी कंबर अजून दुखते; तेव्हा त्या खाटेवर आडव्या होतात, गुडघा छातीशी घेतात आणि तीसपर्यंत मोजतात.