शिडाच्या बोटीवर असताना समोरून स्पीडबोट आली तर बाजूला कोणी व्हायचं?

स्पीडबोटवाल्यानेच व्हायचं, १९७२ च्या कोलरेग्समधला, म्हणजे समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांमधला, नियम १८ तेच सांगतो, आणि तोवर तुम्ही दिशा आणि वेग बदलू नका, घाबरून मध्येच वळलात की त्यालाही अंदाज येत नाही आणि खरा घोळ तिथेच होतो. टक्कर दिसायलाच लागली तर मात्र हक्क धरून बसू नका, वळा. इंजिनावर चालत असाल तर शीड वर असूनही तुम्ही पॉवरबोटच, आणि अरुंद चॅनलमध्ये मोठ्या जहाजाला आडवं जायचं नाही. मुंबई बंदरात सेलिंग करतो म्हणून सांगतो, गेटवे-मांडवा पट्ट्यात स्पीडबोटीपेक्षा तिच्या मागच्या लाटा जास्त छळतात, त्या आडव्या घेऊ नका, बोटीचं तोंड थोडं तिरकं लाटेकडे करा आणि डोकं खाली ठेवा, वारा पडलेला असला की त्या हेलकाव्यात बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, सटकन फिरतो.