पासिंग २,९९०, काटा ४,०४०

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला. कर्ज काढून पिकअप घेतली आहे, द्राक्षाच्या हंगामात वाशी मार्केटला माल नेतो. गाडी चुलतभाऊ चालवतो, सोबत क्लीनर असतो. आरसीवर रिकामी गाडी १,७०० किलो आणि भरलेली (म्हणजे पासिंग) २,९९० किलो आहे. व्यापाऱ्याने नेहमीप्रमाणे शंभर क्रेट भरले. कराडच्या पुढे आरटीओच्या पथकाने काट्यावर घातली, वजन ४,०४० निघालं. २२,०००चं चलन झालं, अजून भरलेलं नाही. जादा क्रेट दुसऱ्या गाडीत टाकताना माल खराब झाला म्हणून व्यापाऱ्याने भाडं कापलं. दंडाचं विचारलं तर म्हणतो, ‘गाडी तुझी, दंड तुझा.’ आता भावाला लायसन्स निलंबनाची नोटीस आली आहे. मी मागे दोन जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकून घेतलेत, तरी दंड कसा? तो व्यापाऱ्याकडून वसूल होईल का? ओव्हरलोड गाडीला विमा मिळत नाही, हे खरं का? हंगामात हीच गाडी काढणीच्या बायकांना बागेवर ने-आण करते.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. त्याच्याकडे येतेच, आधी वजनाचा हिशोब.

‘दीड टनाची गाडी’, ‘दोन टन आरामात ओढते’ या बोलण्यातल्या आकड्यांना कायद्यात जागा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ फक्त दोन आकडे बघतं : माल, माणसं, क्रेट, ताडपत्री, दोर सगळ्यासकट गाडी काट्यावर किती भरली, आणि आरसीवर किती लिहिलंय. २,९९० मधून १,७०० गेले, उरले १,२९०. रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर-क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे १४० काढा, राहिले १,१५०. तुमच्याच आकड्यांवरून भरलेला क्रेट बावीस किलोचा निघतो. म्हणजे तुमच्या गाडीत बसतात बावन्न क्रेट. शंभर म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांचा माल एका गाडीत.

पाट्यांनी गाडी मागे बसत नाही, एवढंच होतं. ब्रेक तेच, टायर तेच, ॲक्सल तोच, आणि पुढे खंबाटकीचा उतारही तोच. उलट गाडी खाली बसलेली दिसली असती तर तुमच्या भावाला वेळीच कळलं तरी असतं. पासिंग पाट्यांवर ठरत नाही. कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार कलम ५२च्या कचाट्यात येऊ शकतो. त्याला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही सांगितलेलं आहे. पाटे या आठवड्यात काढून घ्या. ‘२०१८ साली सरकारने पंचवीस टक्के वाढवून दिलंय’ असंही तुम्हाला अड्ड्यावर कुणी सांगेल. ती जुलै २०१८ची अधिसूचना मोठ्या मालवाहू गाड्यांच्या ॲक्सलवरच्या वजनाची होती. तुमच्या आरसीवर आजही २,९९०च आहे.

आता चलन. कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. तुमचा आकडा इथूनच आला. भरण्याआधी कागद बघा. काटा पावती आहे का, त्या काट्याची वैधमापन खात्याकडून पडताळणी झालेली होती का, माल उतरवण्याचा हुकूम लेखी दिला का. कलम ११४ प्रमाणे पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आतल्या, किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आतल्या काट्यावरच गाडी न्यायला सांगता येते. यात मोठी चूक सापडली तर न्यायालयात जायला अर्थ आहे. पण १,०५० किलोचा फरक काट्याच्या चुकीने पडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कागद नीट असतील तर भरून मोकळे व्हा.

दंड भरला की माल तसाच पुढे न्यायला मिळतो, असा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय. पूर्वी काही राज्यं तशी सवलत देतही होती. सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन प्रकरणात ९ नोव्हेंबर २००५ रोजी ती वाट बंद केली : दंड घेतला तरी जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलता कामा नये. तुमची गाडी पथकाने थांबवून ठेवली, ते बरोबरच केलं. आणि पुढे कधी ‘काटा दिसला की आडवाटेनं काढ’ असं कुणी सुचवलं, तर इशारा देऊनही न थांबणाऱ्या किंवा काट्याआधी माल उतरवणाऱ्या ड्रायव्हरला ४०,००० दंड आहे, हे भावाला सांगून ठेवा.

व्यापाऱ्याकडून दंड वसूल करण्याचा दावा माझ्याकडे आणलात तर मी घेणार नाही. ओव्हरलोड गाडी ‘चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो’ तो दोषी, असे कलम १९४चे शब्द आहेत. ‘चालवायला लावतो’ यात व्यापारी ओढता येईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि तसं व्हायलाही हवं. क्रेटमागे भाव ठरवणारा, शंभर क्रेट रचून घेणारा माणूस सावलीत बसतो आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला काट्यावर उभा राहतो, हे अन्यायाचंच आहे. पण ‘चालवू देतो’ मध्ये तुम्ही बसताच. ‘दंड झाला तर मी बघतो’ हा शब्द त्याने दिला असता, अगदी स्टॅम्पपेपरवर दिला असता, तरी बेकायदा कामासाठीचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ने रद्दबातल ठरतो. कापलेल्या भाड्याचंही दुखणं तेच. जादा माल उतरवण्याची जोखीम कलम ११४ने ड्रायव्हरवर टाकली आहे. मात्र क्रेट त्याच्याच माणसांनी रचले होते. निदान बावन्न क्रेटचं भाडं पूर्ण दे, एवढं समोर बसून, अडत्याला मध्ये घालून मागा. कोर्टापेक्षा ते लवकर मिळेल.

पुढच्या खेपेपासून व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहा : ‘बावन्न क्रेटच भरणार.’ निघण्याआधी तासगावातच काटा करून पावती गाडीत ठेवा. तुमच्या लाइनवरच्या इतर पिकअपवाल्यांनीही हेच धरलं तर क्रेटचा भाव वाढवून मागता येईल. एकट्याने मागितलात तर तो दुसरी गाडी लावेल, हे मलाही कळतं.

भावाची नोटीस मात्र अंगावर काढू नका. मालवाहू गाडीत जादा माल नेणं हे केंद्रीय मोटार वाहन नियम २१मध्ये लायसन्स निलंबनाचं कारण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ साली किमान तीन महिने निलंबन करायला सांगितलंय. कलम १९ प्रमाणे त्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. पहिलीच वेळ असेल तर तसं लिहा, पाटे काढल्याची गॅरेजची पावती जोडा, तारखेला स्वतः हजर राहायला सांगा. आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील आहे. परमिटची चिंता सोडा, ३,००० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला ते लागतच नाही.

विम्याबद्दल तुम्ही ऐकलंय ते अर्धंच खरं. तुमच्या गाडीने रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली, तर कलम १५०मध्ये कंपनीला दिलेल्या बचावांच्या यादीत ओव्हरलोड नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा निव्वळ ओव्हरलोडमुळे शून्य होत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने अमलेंदू साहू प्रकरणात २०१० साली उद्धृत केलेल्या निकषांप्रमाणे ७५ टक्क्यांवर येऊ शकतो. अपघातच जादा वजनाने झाला असं दिसलं तर भांडण आणखी अवघड.

आणि आता त्या बायका. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर त्याला संरक्षण आहे. हौद्यात बसून बागेवर जाणाऱ्या मजुरांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशा रानी प्रकरणात २००२ सालीच सांगितलंय की मालवाहू गाडीतल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. मग ती तुमच्यावर येते. एका वळणावर गाडी कलंडली तर पाच-सहा घरांची भरपाई, तुमची पिकअप, तुमची जमीन, आणि स्टिअरिंगवर असलेल्या तुमच्या भावावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा खटला. मालवाहू गाडीत माणसं नेणं हेही निलंबनाचं वेगळं कारण आहे, ही नोटीस चालू असताना तर मुळीच नको. बागायतदाराला सांगा, बायकांसाठी प्रवासी पासिंगची जीप लावा आणि तिचं भाडं मजुरीच्या खर्चात धरा. उद्या सकाळच्या फेरीपासून.