लग्नाच्या २५व्या वाढदिवसाला बायकोसाठी क्लासिक लक्झरी घड्याळ, कोणतं घेऊ?

मला विचाराल तर डोळे झाकून कार्टिए टँक घ्या. लुई कार्टिएचं १९१७ चं डिझाइन आहे आणि आजही साडीवर, कुर्त्यावर, जीन्सवर कशावरही शोभतं. चौकोनी डायल, रोमन आकडे, निळे काटे, किल्लीच्या टोकाला निळा खडा, बस. आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये रोमन सात किंवा दहाच्या एका रेषेत अगदी बारीक अक्षरांत कार्टिए लिहिलेलं असतं, बहिणीने भिंग लावून दाखवलं तेव्हा मी तर प्रेमातच पडले.

स्टीलमधलं, सेलवर चालणारं (क्वार्ट्झ) ‘टँक मस्ट’ मॉडेल घेतलंत तर रोज चावी द्यायची कटकट नाही, काही वर्षांनी सेल बदलला की झालं. फक्त पाण्याला जपायचं हं, ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते पोहायला नाही, चार थेंब उडाले तर चालतं एवढंच. त्यांना घड्याळ काढून ठेवायची सवय नसेल तर मग रोलेक्सचं २८ मिमी लेडी-डेटजस्ट बघा, ते १०० मीटरचं आहे.

आणि काहीतरी वेगळं हवं असेल तर येगर-लकूल्त्रचं (Jaeger-LeCoultre) रिव्हर्सो, भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा पोलो खेळताना फुटायच्या म्हणून १९३१ मध्ये ही उलटी होणारी डायल काढली, मागच्या बाजूला तुमच्या लग्नाची तारीख कोरून घेता येईल!

एक मात्र नक्की करा, त्यांना दुकानात घेऊन जा आणि ज्या हातात बांगड्या नसतात त्या हातात घालून बघायला सांगा, माझ्या मावशीच्या घड्याळाची कड पाटल्या घासून घासून पार ओरखडली.