खाटेपाशी काय असावं, काय नसावं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. वॉर्डात प्रत्येक खाटेला लॅमिनेट केलेले सूचनांचे तक्ते टांगायचेत म्हणतेस. टांग की, पण आधी एक रात्रपाळी नुसतं बघ. पहाटे तीनला एकटी सिस्टर धावपळ करत असते तेव्हा तक्ता वाचायला कुणाला सवड आहे? हात सवयीने जायचा तिथेच जातो. तिथे बरोबर वस्तू असली तर चुकायला जागा कमी उरते.

जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांची पाच कलमी चेकलिस्ट तुम्हाला शिकवली असेल. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणं, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणं, मोठी निर्जंतुक चादर वगैरे. मिशिगनच्या आयसीयूंमध्ये हे राबवल्यावर दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) २.७ असलेला संसर्गाचा मध्यांक तीन महिन्यांत शून्यावर आला, हे २००६ मध्ये छापूनही आलं. कौतुक सगळं चेकलिस्टचं झालं. त्याच कामात लागणारं सगळं सामान एका ढकलगाडीत भरून ठेवलं होतं, तिचं नाव कुणी घेत नाही. चार कपाटं धुंडाळायची असली की दमलेला माणूस चादरीवाचून भागवतो. माझा भरवसा त्या गाडीवर जास्त.

तू सुरुवात इन्शुलिनपासून कर. आपल्याकडे व्हायल (औषधाची छोटी बाटली) बहुतेक दर मिलीला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपीची. एखादा पेशंट घरून १०० युनिटची घेऊन येतो, तिला नारिंगी टोपीची लागते. १०० ची व्हायल लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलीस तर १० नाही, २५ युनिट जातात. मग साखर उतरून पेशंट घामाने भिजून बरळायला लागतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येकाची वेगळी झाकणाची डबी हवी. वर नाव आणि नोंदणी क्रमांक, आत त्याची व्हायल आणि तिला चालणारीच सिरिंज. व्हायल उघडल्याची तारीख काचेवर लिही, कारण उघडल्यावर बहुतेक व्हायली २८ दिवसच चालतात. बडोद्याचा मे महिना बघता डबी वॉर्डाच्या फ्रीजमध्ये राहू दे, इंजेक्शनच्या वेळी तीच उचलून खाटेपाशी न्यायची. ट्रॉलीच्या एका खणात लाल-नारिंगी मिसळलेल्या दिसल्या तर तिथल्या तिथे वेगळ्या कर.

पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल मात्र खाटेपाशी नको आणि ट्रॉलीतही नको. पाण्याच्या अँप्यूलशेजारी पडली तर घाईत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि न मिसळता शिरेत गेली तर हृदय थांबतं. ती कुलुपातच बरी.

इनटेक-आउटपुटचा, म्हणजे किती प्यायलं आणि किती लघवी झाली याचा, कागद तू नातेवाइकांकडे देतेस, ते ठीकच आहे. रात्रभर युरीन बॅगेकडे तेच बघत असतात. पण गुजराती एक काय आणि आपला एक काय, दोन्ही इंग्रजी नऊसारखे दिसतात. पादऱ्याहून आलेले काका मनापासून १५० लिहितात, रेसिडेंट डॉक्टर ९५० वाचतो आणि लघवी छान होतेय म्हणून पुढच्या खाटेकडे वळतो. त्यांना आकडे लिहायला लावूच नकोस. कागदावर ओळीने चौकोन छाप, एक चौकोन म्हणजे ५० मिली, आणि जेवढं झालं तेवढे चौकोन रंगवायला सांग. लघवीला मापाचा जग, पाण्याला एकच ठरलेला पेला, त्यावर मार्करने रेघा. ‘दोन-तीन घोट’ हा हिशोब चालवून घेऊ नकोस.

आता बोर्ड. उशाशी छोटा पांढरा बोर्ड असावा, पण जुना मजकूर असलेल्या बोर्डापेक्षा कोरा परवडला. ऑपरेशन होऊन पेशंट खिचडी खायला लागला तरी बोर्डावर ‘उपाशी’ तसंच असतं. मग खरंच उपाशी ठेवायचं असेल तेव्हा त्या शब्दाला कोण विचारणार? चारच गोष्टी लिही : औषधाची अ‍ॅलर्जी, उपाशी ठेवायचं का, पडण्याचा धोका, आणि कूस शेवटची कधी बदलली. पाळी बदलतानाचा हँडओव्हर नर्सिंग स्टेशनवर बसून न करता खाटेपाशी करा, आणि येणाऱ्या सिस्टरने केसपेपर बघून बोर्ड पुसून नव्याने लिहावा. नुसती टिक करायची मुभा दिलीस तर सगळ्या टिकच करतील. आजाराचं नाव बोर्डावर नको. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानेच गुप्तता बंधनकारक आहे. हँडओव्हरच्याच वेळी प्रत्येक नळी पिशवीपासून अंगापर्यंत बोटाने धरत जायचं, आणि लेबल अंगाजवळच्या टोकालाही लावायचं. राईल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं, फीड सलाईनच्या नळीला जोडलं जाणं जीवघेणं असतं.

एका वॉर्डात दोन रमेशभाई पटेल असणं बडोद्यात काही नवल नाही. ‘तमे रमेशभाई ने?’ विचारलंस तर कमी ऐकू येणारे आजोबाही ‘हा बेन’ म्हणून मान हलवतील. ‘तमारुं पूरुं नाम शुं?’ विचार, त्यांना बोलू दे, मग मनगटावरच्या पट्टीचा क्रमांक केसपेपरशी ताडून बघ. खाटेच्या नंबरावर विसंबू नकोस. पंख्याखालची खाट रिकामी झाली की पेशंट कुणाला न विचारता तिकडे सरकतात!

पैशाचं म्हणशील तर इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, मंजूर व्हायची वाट बघत बसू नकोस. डब्या मंगळ बाजारात स्वस्तात मिळतील. सगळ्या वॉर्डात एकदम मात्र सुरू करू नकोस. चार खाटा घे, पंधरा दिवस चालव, मग आयाबेनना आणि रात्रीच्या सिस्टरना विचार. जग पायात येतो म्हणाल्या तर जग हलव, त्यांना समजावत बसू नकोस. मॅट्रनकडे जाताना त्यांनाच बरोबर ने.

चौकोनांचा कागद छापायला टाकण्याआधी मला पाठव. चौकोन चांगले मोठे ठेव, नातेवाइकांचा चष्मा बहुतेक वेळा घरी राहिलेला असतो.

तुझी,
सिस्टर
दांडिया बाजार, बडोदा