खोली किती वेळात तापते ते आधी सांग

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून पत्र आलंय. माहेर नाशिकचं, इंदिरानगरचं. पहिला मुलगा इथेच नाशिकला नॉर्मल झाला, आता दुसऱ्यांदा दिवस आहेत, 32 आठवडे पूर्ण, तारीख 20 जानेवारी. ती लिहिते, "ताई, मिडवाइफ, म्हणजे इथली प्रशिक्षित सुईण, म्हणाली सगळं नॉर्मल आहे, बाळंतपण घरी करायला हरकत नाही. आम्ही हो म्हटलंय. पण तिने दिलेली यादी बघून डोकं गरगरायला लागलं. पलंग उंच करा, गादीवर प्लास्टिक टाका, दोन बादल्या, धातूच्या गरम पाण्याच्या बाटल्या... नवऱ्याला पाण्याचा पूल, म्हणजे बाळंतपणासाठीचा मोठा टब, हवाय. सासूबाई फोनवर रडतात. शेजाऱ्यांची भिंत लागून आहे, आवाज गेला तर? आई नाशिकहून येतेय, ती रोज विचारते काय काय आणू. आणि हो, तेव्हा थंडी असेल, पण ते बघता येईल."

अगं बाई, ते बघता येईल? एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, गादीच्या डागांवर चार ओळी लिहिल्यास, आणि जी गोष्ट सगळ्यात आधी बघायला हवी ती शेवटी एका वाक्यात उरकलीस. जानेवारीतलं नेदरलँड्स मी चांगलं ओळखते, माझा धाकटा तिथेच घरी झालाय, उट्रेख्टजवळच्या एका अरुंद घरात, भर हिवाळ्यात. म्हणून आज बाकीचं सगळं थोडक्यात सांगणार आणि थंडीचं सविस्तर सांगणार, आणि तू ते नवऱ्याला वाचून दाखवायचंस.

आधी कारण समजून घे म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही. बाळ पोटात 37 डिग्रीच्या आसपास असतं, बाहेर येतं ते पूर्ण ओलं, आणि अंगावरचं पाणी सुकताना त्याच्या अंगातली उष्णता घेऊन जातं. जीव एवढासा, वजनाच्या मानाने कातडी जास्त, डोकं मोठं. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, त्याला तेही येत नाही. खांद्याच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एक खास चरबी असते ती जाळून ते ऊब तयार करतं, आणि त्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो, साखर लागते. म्हणजे गारठलेलं बाळ आधी सुस्तावतं, मग नीट चोखत नाही, मग साखर आणखी उतरते. खोली गार आहे एवढ्या साध्या कारणाने धडधाकट बाळाला हॉस्पिटलात न्यायची वेळ येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणाच्या खोलीसाठी 25 ते 28 डिग्री सांगते. आता उठ आणि तुमच्या बेडरूमचं तापमान बघ. 18 असेल, कदाचित 17.

तिथल्या घरात 18 चं 25 करणं म्हणजे बटण दाबलं आणि झालं असं नाहीये. तुमचं घर नवं असेल, हीट पंप आणि फरशीखालचं हीटिंग असेल, तर तासन्तास लागतात. आणि दुसरं बाळंतपण पहिल्यापेक्षा बहुतेक वेळा लवकर उरकतं, तेवढे तास हातात असतीलच असं नाही. म्हणून रंगीत तालीम कर. एखाद्या खरोखर गार संध्याकाळी पलंगाच्या उंचीवर, रेडिएटरपासून लांब थर्मामीटर ठेव, दार-खिडकी लाव, हीटिंग पूर्ण वाढव आणि 25 व्हायला किती वेळ लागतो ते लिहून ठेव. झालंच नाही तर तेलाचा इलेक्ट्रिक हीटर आण, तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लाव, एक्स्टेंशन बोर्डाला नाही, आणि पडद्यापासून लांब ठेव. अजून एक, तुमच्या थर्मोस्टॅटला रात्रीचं सेटिंग असणार, अकरा वाजले की आपोआप 16 वर जाणारं. ते डिसेंबर संपायच्या आतच बंद करून टाक. बाळं रात्रीच यायला बघतात, आणि कळा सुरू झाल्यावर पहाटे दोनला तुझा नवरा फोनवर ॲपचा पासवर्ड शोधत बसला तर काय उपयोग.

आमच्या सासूबाई निफाडच्या. नाशिककरांना निफाड म्हणजे काय ते सांगायला नको, थंडीच्या दिवसांत पेपरात सगळ्यात कमी तापमान त्यांचंच, द्राक्षबागा जपायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्या तिथे आल्या, घरात पाऊल टाकलं, भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, ही खोली बाळंतिणीची नाही. इंग्रजी येत नव्हतं, डच तर नाहीच, पण आमच्या मिडवाइफचं आणि त्यांचं या एका बाबतीत पहिल्या भेटीपासून एकमत. कळा सुरू झाल्यावर त्या रेडिएटरजवळच बसल्या, त्यावर टॉवेल आणि जुन्या लुगड्याचे तुकडे पसरायचे, उलटायचे, घडी करायची, परत पसरायचे. माझ्या छातीवर बाळ ठेवलं आणि वरून ते कापड पडलं, ती ऊब मला आजही पाठीपर्यंत आठवते.

तर कापडाचं असं. मोठे सुती टॉवेल सहा तरी बाजूला काढ, आणि ते फक्त बाळासाठी. बाळ आलं की पहिल्या टॉवेलने लगेच पुसायचं, डोकं आधी, पाठ, काखा, जांघा, आणि तो टॉवेल ओला झाला की बाजूला टाकायचा. इथे गडबड होते बघ. त्याच ओल्या टॉवेलात बाळाला गुंडाळून ठेवतात आणि वाटतं आपण पांघरूण घातलं! दुसरा, कोरडा, तापवलेला टॉवेल घ्यायचा. बाळ उघडंच तुझ्या उघड्या छातीवर, वरून दुपटं, डोक्याला टोपडं. वजन, फोटो, नाशिकला व्हिडिओ कॉल, सगळं एका तासानंतर. त्या तासात पहिलं दूधही पाजून होतं. अंगावरचा पांढरा चिकट थर पुसून काढू नका, तो राहू दे.

आता तुझ्या आईकडे येते, कारण इथे मला थोडं रागवायचंय. आपल्याकडे बाळ झालं की लगेच अंघोळ, मग शेक, मग धुरी. पहिली अंघोळ किमान 24 तासांनी, त्याआधी नाही. आमच्या सासूबाईंनीही पाणी तापवायला ठेवलं होतंच, मग मिडवाइफने बाळाचं तापमान घेऊन त्यांना आकडा दाखवला, त्यांनी तो बघितला आणि गॅस बंद केला. आईला हे आत्ताच फोनवर सांग, ती तिथे आल्यावर बाळंतिणीच्या खोलीत वाद नकोत. आणि कोळशाची शेगडी तर नाहीच नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत माझ्या आजीच्या वेळी शेगडी असायची, पण त्या वाड्यांना कौलं होती, फटी होत्या, वारा कुठूनतरी यायचा. तुमच्या डबल काचेच्या बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. धुरीही नको, बाळाच्या फुप्फुसांना धूर कशाला? शिवाय 2022 पासून तिथे प्रत्येक मजल्यावर स्मोक डिटेक्टर लागतो, तो किंचाळेल. देवापुढचा दिवा खाली हॉलमध्ये लावा, मिडवाइफबरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, त्या खोलीत ज्योत नको.

ऊब हवी तर तिथली पद्धत उत्तम आहे, तुझ्या यादीत ज्या धातूच्या बाटल्या आहेत ना त्या. दोन घे, कापडी कव्हरासकट. झाकणातलं रबर तपास, गरम पाणी काठोकाठ भर, घट्ट लाव, उलटी करून थेंब गळतो का बघ, मग कव्हर. बाळ ठेवायच्या आधी पाळणा त्याने तापवून घ्यायचा. बाळ आत असताना बाटली पांघरुणाच्या वर, झाकण पायाकडे, आणि बाळापासून चांगली एक वीत लांब. अंगाला टेकली तर भाजतं, त्यात हयगय नको. रबरी पिशवी बाळाजवळ वापरू नका, ती गळते.

आणि उलटी बाजूही ऐक, नाहीतर माझं वाचून आई बाळाला तीन दुपटी आणि कुंची घालून झोपवेल. तापलेली खोली जन्माच्या वेळची आणि पहिल्या काही तासांची. पुढे थर्मामीटर सांगेल तसं, 36.5 ते 37.5 च्या मधे बाळ ठीक. एकदा तापमान स्थिर राहायला लागलं की झोपताना टोपडं काढायचं, रजई नाही, उशी नाही, पाठीवर झोपवायचं. हातपाय गार लागतात म्हणून घाबरू नका, मानेच्या मागे हात लावून बघा. जास्त उकडणंसुद्धा तान्ह्या बाळाला धोक्याचं आहे.

आई काय आणेल? मेनरोडला जाऊन ढीगभर भेटवस्तू घेऊ नकोस म्हणावं. घरातल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, एखादं लुगडं असेल तर सोनंच. त्याची दुपटी आणि पुसायची फडकी. बिनबटणाची, पुढे बंद असलेली झबली, चार टोपडी. नवं कापड असेल तर दोनदा धुऊन खळ काढायची, आणि तिथे गेल्यावर सगळं 60 डिग्रीवर धुवा, सॉफ्टनर अजिबात नको, त्याने कापड पाणी शोषत नाही. इस्त्री करून स्वच्छ उशीच्या अभ्र्यात भरून ठेव आणि वर मोठ्या अक्षरात लिही, नवऱ्याला दिसलं पाहिजे. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा खुशाल येऊ दे. तूप मात्र बॅगेत नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, तिथलं बटर कढवा, छान तूप होतं. गुटी, काजळ आणि मध बाळासाठी आणू नये. मध तर वर्षभर नाही, बोटभरसुद्धा नाही.

बाकीचं भराभर. पलंग 70 ते 80 सेंटीमीटर उंच करायचे ठोकळे आणि बेडपॅन तिथल्या होमकेअरच्या दुकानात उसने मिळतात, हे मिडवाइफच्या आणि क्रामझोर्खच्या, म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीची देखभाल करणाऱ्या सेवेच्या, बाईच्या पाठीसाठी आहे, करून टाक. गादीवर जुना शॉवरचा पडदा, त्यावर चादर, डाग पडत नाहीत. पॅड, कापूस, नाळेचा चिमटा इन्शुरन्सच्या क्रामपाकेटमध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या सामानाच्या खोक्यात, येतं, अजून मागवलं नसेल तर आज मागव. पूल हवा तर नवा पाइप घ्या, आधीपासून भरून तापवत ठेवू नका, पाणी 37.5 च्या वर नको, आणि एवढं पाणी तुमचा गीझर देतो का ते विचारा. पुलातून बाहेर आलीस की तूही ओलीच असशील, टॉवेल आणखी दोन. शेजाऱ्यांना आधीच एक चिठ्ठी टाक, डच लोकांना यात काही नवल वाटत नाही.

हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी ठेव, आणि त्याला अपयश म्हणू नकोस. इंग्लंडमध्ये 2011 मध्ये या विषयावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्के आणि आधी मूल झालेल्यांपैकी सुमारे 12 टक्के जणींना हॉस्पिटलात हलवावं लागलं. बहुतेकदा घाई नसते, पण मिडवाइफ निघू म्हणाली की निघायचं, तिथे चर्चा नाही. तुमचे जिने अरुंद आणि उभे, स्ट्रेचर वळेल का ते तिला घरभेटीत दाखव, नाहीतर खालच्या मजल्यावरच खोली लाव, ती लवकर तापतेही. आणि 37 आठवड्यांच्या आत कळा आल्या तर घर नाही, थेट हॉस्पिटल. तुझे 37 आठवडे 30 डिसेंबरला भरतात, त्यामुळे टॉवेल, बाटल्या, हीटर सगळं नाताळच्या आत.

सासूबाईंना रडू दे थोडं, मग त्यांनाही काम सांग, मोठ्याची शाळा-जेवण त्या काळात कोण बघणार ते ठरव, आणि तुझ्या मिडवाइफशी व्हिडिओवर एकदा बोलणं घडवून आण. आमच्याकडे दुसऱ्या आजीचा जीव त्याने बराच शांत झाला होता.

आईचं तिकीट 20 डिसेंबरच्या पुढे ढकलू नका. व्हिसा 90 दिवसांचा म्हणजे ती मार्चच्या मध्यापर्यंत राहील. क्रामझोर्खची बाई आठ-दहा दिवसांत जाते, नवरा कामावर जातो, आणि तुला कोणीतरी गरम जेवण हातात द्यावं अशी वेळ तेव्हा येते. जन्माची नोंद तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत करायची असते, ते काम नवऱ्याचं. आणि तालमीत किती वेळ लागला ते मला कळव.