हॉलची किल्ली आणि सतरा पाने

प्रिय,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझा अभ्यासिकेचा आराखडा दोनदा वाचला. चर्चचा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतो आणि त्याच वेळी घरात जागा नाही म्हणून मंडळीतलीच मुले जिन्यावर बसून दहावीचा अभ्यास करतात, हे तुझ्या नजरेने टिपले, याचे मला कौतुक आहे. खोट आराखड्यात नाही. ही सतरा पाने तू कमिटीपुढे जशीच्या तशी वाचणार आहेस, याची मला काळजी वाटते.

तरुणपणी मीही नेमके हेच केले होते. शिवणवर्गाची योजना उपासनेनंतर पाऊण तास वाचली. 'सर्वांगीण उन्नती' हा शब्द त्यात किती वेळा आला असेल, देव जाणे. लोकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरची वाट धरली. दारात चपला शोधणाऱ्या एका आजींनी तेवढे विचारले, "बाळा, मशिनी ठेवणार कुठं?" मला तो प्रश्न क्षुल्लक वाटला. साऱ्या मंडळीत त्या एकट्याच माझे स्वप्न हॉलमध्ये प्रत्यक्ष मांडून पाहत होत्या, हे कळायला मला फार वर्षे लागली. वर्ग सुरू झालाच नाही.

यरुशलेमेचा पडका तट पुन्हा बांधून घेणाऱ्या नहेम्याचे बायबलमधले पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाच. तिथे पोचल्यावर त्याने सभा बोलावली नाही. रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन त्याने पडका तट स्वतः फिरून पाहिला आणि त्यानंतरच तोंड उघडले. तेव्हाही आधी त्याने लोकांना रोज दिसणारी दुर्दशा बोलून दाखवली, मग 'चला, आपण बांधू' म्हटले. तिसरा अध्याय नावांनी भरलेला म्हणून आपण भराभर उलटतो (रविवार शाळेच्या पाठांतर स्पर्धेत तो कोणी निवडल्याचे मला आठवत नाही), पण खरी मेख तिथेच आहे. सोनार आहे, गंधी आहे, आपल्या मुलींना घेऊन कामाला लागलेला शल्लूम आहे, आणि कितीतरी जण आपापल्या घरासमोरचाच भाग बांधत आहेत. तट 52 दिवसांत उभा राहिला, कारण अख्खा तट कोणाच्याच डोक्यावर दिलेला नव्हता. तूही निवृत्त गुरुजींना योजनेची प्रत देऊ नकोस. मंगळवारी सातला तासभर गणित शिकवाल का, एवढेच विचार.

भाषेविषयी. आपल्या नाशिकमधल्या शरणपूरचे नाव आता रस्त्यावरच्या पाट्यांमुळे गुळगुळीत झाले आहे, पण एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी ती वस्ती वसवली, तेव्हा त्या एका शब्दात सगळा हेतू सांगून झाला होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे वाढली आणि हातचे काम शिकली; त्यांच्यातलाच जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांनीही ख्रिस्त सांगताना अभंग आणि कीर्तन हाताशी घेतले, कारण ऐकणाऱ्यांचे कान त्या चालींवर घडलेले होते. तुझ्या पानांतला एकही शब्द महिला मंडळाच्या भगिनी एरवी बोलताना वापरतील का, हे तपासून पाहा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळ. 'प्रभूने मला हे दाखवले आहे' या वाक्याने सुरुवात करू नकोस. ते खरे असेलही. पण ते ऐकल्यावर ज्याला शंका आहे तो गप्प बसतो, कारण तुझ्याशी मतभेद म्हणजे देवाशी मतभेद असे त्याला वाटू लागते, आणि मग तीच शंका बाहेर फाटकापाशी, तुझ्या माघारी बोलली जाते. प्रार्थनेत काय घडले ते पाळकसाहेबांना सांग, त्यांना पारखू दे. कमिटीला जिन्यावरची मुले दाखव.

काम अर्ध्यावर आले की उत्साह ओसरेल. नहेम्याची माणसेही तेव्हाच म्हणाली, की मातीचे ढिगारे फार आहेत आणि भार वाहणाऱ्यांची ताकद संपत चालली आहे. हेतू त्या वेळी पुन्हा सांगावा लागेल, तोही पहिल्यापेक्षा थोडक्यात.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. येताना सतरांचे एक पान करून आण, आणि हॉलचे गेल्या तीन महिन्यांचे वीजबिल खजिनदारांकडून मागून घे. पहिला प्रश्न त्यावरच येणार आहे.

तुझा,
काका