मजुरी मिळाली का, हे आधी विचार

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम. नाताळापूर्वी वर्गणी काढून वास्कोजवळच्या मजूर-वस्तीत धान्य वाटायचे तुझ्या मनात आहे, हे वाचले. अवश्य वाट, भुकेल्याने न्यायाची वाट पाहत उपाशी राहावे, असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र पिशवी हातात देण्यापूर्वी मजुरी मिळाली का, एवढे विचार.

मी विचारले नव्हते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका बांधकामावर ब्लँकेटे वाटली, तेव्हा एका झारखंडी मजुराने खिशातली वही काढून माझ्याकडून बेरीज करवून घेतली. दोन महिन्यांची हजेरी होती, आणि उचल वजा जाता निघालेली रक्कम आमच्या सगळ्या ब्लँकेटांच्या किमतीहून मोठी होती. त्याचा ठेकेदार आमच्या वर्गणीदारांपैकीच एक होता. आम्ही त्याचे जाहीर आभार मानले होते.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे, तर बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते. न्यायाने जे देणे लागतो ते दान म्हणून देऊ नये, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट सांगितले. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातले योबेल वर्षही, म्हणजे पन्नासाव्या वर्षी गमावलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाणे, हे भिक्षा नव्हे, नियम होता. त्याच कल्पनेच्या आधारे 1998 मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत राष्ट्रांच्या परिषदेभोवती सुमारे 70,000 लोकांनी मानवी साखळी केली आणि गरीब देशांची कर्जे रद्द करा, अशी मागणी केली. मदत वाढवा, एवढ्यावर ते थांबले नाहीत.

आपल्या गोव्यातही भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरून सणाला येणाऱ्या वानोळ्याने मुंडकाराच्या, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, पायाखालची जमीन त्याची झाली नाही. राहते घर विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला 1975 च्या कायद्याने दिला. (भाटकारांत आपले ख्रिस्ती कमी नव्हते, हे मी मुद्दाम लिहितो.)

तेव्हा धान्याबरोबर कोऱ्या वह्याही घे. तारीख, रोज, उचल आणि मुकादमाचे नाव प्रत्येकाला लिहून ठेवायला शिकव. थकबाकी निघाली तर आधी ठेकेदाराला भेट, आणि त्याने टाळले तर त्या मजुरांबरोबर पणजीला कामगार आयुक्तांकडे जा. वर्गणीदारांची यादी मात्र मला आधी दाखव.

तुझा,
काका